माझं वाक्य मीच संपवीन

मी अडखळत बोलते. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, कारण आपण समोरासमोर भेटलो असतो तर ही ओळ तुम्ही मला पूर्ण करू दिली नसती. राग मानू नका, कुणीच देत नाही. लोक वाईट नसतात, घाईत असतात. माझ्या तोंडात शब्द अडकला की समोरच्याच्या चेहऱ्यावर आधी दया येते, मग चुळबुळ सुरू होते, आणि मग तो माझं वाक्य माझ्या हातून काढून घेऊन स्वतःच संपवतो. वर हसून विचारतो, "हेच ना?" हेच नसतं. पण 'हे नाही' एवढं म्हणायला पुन्हा तेवढाच चढ चढावा लागणार, म्हणून मी मान हलवायची. अशी मान हलवत हलवत मी पस्तिशी ओलांडली.

आणखी एक आधीच सांगते. माझं अडखळणं मी इथं अक्षरं तोडून, टिंबं देऊन लिहिणार नाही. विनोदी नाटकांत तसं करतात आणि लोक पोट धरून हसतात. मला कुणाला हसवायचं नाहीये. जिथं जिथं 'मी म्हणाले' असं येईल, तिथं बराच वेळ लागला होता असं समजून वाचा. तुम्हाला तेवढं थांबता येत नसेल तर तो तुमचा प्रश्न आहे.

शहरात, गारखेड्यात आमचं छोटं घर आहे, खाली दोन खोल्या, वर एक. वडील गेल्यापासून आई आणि मी, दोघीच. वडिलांचं गाव देवगाव रंगारी. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी आत्या, गावातच दिलेली. देवगावात कुणाला दवाखाना निघाला, कुणाच्या पोराचं कॉलेज निघालं, लग्नाचा बस्ता निघाला, की मुक्काम आमच्याकडं आणि सोबत आत्या. येण्याआधी फोन करायची पद्धत आमच्याकडं परक्यांसाठी आहे. आत्याला मी नावं ठेवत नाही. वडिलांच्या आजारपणात तिनं महिना महिना इथं काढला, रात्री उशाशी बसली. माया आहे तिची, लई आहे. फक्त त्या मायेला दार वाजवायची सवय नाही.

माझी वाक्यं संपवण्यात पहिला नंबर आईचा आणि दुसरा आत्याचा. फरक एवढाच, की आई बरोबर संपवायची. लहानपणी पाहुण्यांनी नाव विचारलं की मी तोंड उघडायच्या आत आई सांगून मोकळी. स्वतःचं नाव सांगणं हे आमच्यासारख्यांना सगळ्यात अवघड असतं, हे मला फार नंतर कळलं. तोपर्यंत मला वाटायचं, आपल्याला आपलं नावसुद्धा येत नाही.

आत्या मात्र चुकीचं संपवायची. मी चोविशीत असताना जालन्याचे पाहुणे बघायला आले होते. चहा झाला, पोहे झाले, आणि मुलाच्या मामानं सगळ्यांदेखत विचारलं, "मुलीचं काय म्हणणं?" माझं म्हणणं तयार होतं. मला इतक्यात लग्न नको, मला नोकरी करायचीय, एवढंच होतं. मी तोंड उघडलं आणि पहिलाच शब्द घशात आडवा झाला. चेहरा लाल, मान खाली, ओठ थरथरताहेत. आत्यानं टाळी वाजवली. "लाजली पोरगी! होकारच समजा!" पेढे फिरले. माझ्याही तोंडात कुणीतरी पेढा कोंबला, आणि तोंड भरलेलं असल्यामुळं पुढचा प्रश्नच मिटला.

तो माणूस वाईट नव्हता. त्याच्याबद्दल मला आजही काही म्हणायचं नाही. पण त्याला मी हो म्हटलंच नव्हतं, आणि न म्हटलेल्या होकारावर संसार किती दिवस रेटायचा? काही वर्षांनी आम्ही रीतसर वेगळे झालो आणि मी आईकडं परत आले. नातेवाइकांत आमच्या वेगळं होण्याची गोष्ट अशी झाली की पोरीला नांदता आलं नाही. ते वाक्यही माझ्यासाठी दुसऱ्यांनीच पूर्ण केलं.

आता मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात डिझाइन विभागात आहे. साच्यांची ड्रॉइंगं करते. काम मला चांगलं येतं, हे मी लाजतबिजत सांगत नाही. पण ड्रॉइंग माझं असलं तरी बैठकीत ते समजावून सांगायचा माझा एक सहकारी. एकदा त्यानं माझ्याच ड्रॉइंगमधली बाजू उलटी सांगितली. मी शेजारी बसले होते. चूक मला दिसत होती आणि मी तोंडात मूग गिळून बसले होते. त्या दिवशी घरी येऊन मी आईशी भांडले, ताटावरून उठले, आणि दुसऱ्या दिवशी वाचेवर उपचार करणाऱ्या बाईंचा पत्ता शोधून काढला.

बाई माझ्यापेक्षा वयानं लहान. पहिल्याच भेटीत म्हणाल्या, "अडखळणं जाईल असं मी कबूल करत नाही. पण अडखळत का होईना, वाक्य तुम्हीच संपवायचं." मी विचारलं, लोकांनी मधेच संपवलं तर? "भांडायचं नाही. पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू करायचं. त्यांनी परत संपवलं, तुम्ही परत सुरू करा. बघू कोण आधी दमतं." मला ही बाई फार आवडली. आठवड्यातला एक दिवस असा ठेवा, असंही त्यांनी सांगितलं, की ज्या दिवशी कुणाच्या घाईला उत्तर द्यायचं नाही. फोन नाही, गप्पा नाहीत. एकटीनं मोठ्यानं वाचायचं, अडकायचं, थांबायचं, श्वास सोडून हलक्या आवाजात शब्द धरायचा. माझी सुट्टी गुरुवारी असते, म्हणून गुरुवार ठरला.

मी सरळपणानं घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं. बोलण्याचे उपचार सुरू केलेत, गुरुवारी सराव असतो, त्या दिवशी कृपया येऊ नका, फोन करू नका. सरळपणाचं बक्षीस लगेच मिळालं. एकानं लिहिलं, आमच्याशीच बोल की, आपोआप सराव होईल. एकीनं वेखंड उगाळून जिभेला लावायला सांगितलं. आत्याचा आवाजी निरोप आला: "आगं, घरच्या माणसाला कसली आलीय सुट्टी? आमी काय परके हावोत व्हय?" आणि पुढच्याच गुरुवारी सकाळी ती दारात हजर. सोबत एक पाहुणा, त्याचे चष्म्यासाठी डोळे तपासायचे होते.

तिथंच तो गोंधळ झाला.

मी नुकतीच न्हाऊन वरून खाली आले होते. केस ओले, अंगात पिवळा कुर्ता. तो त्या दिवशी कपाटात वरच सापडला म्हणून घातलेला. आईनं देवघरात दत्ताच्या फोटोपुढं उदबत्ती लावली होती. समोर आत्या उभी. मी हाताचा पंजा तिच्यापुढं धरला आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांशी नेलं. मला म्हणायचं होतं, थांबा, मी बोलणार आहे, मला वेळ द्या. आत्यानं माझे ओले केस पाहिले, पिवळा रंग पाहिला, उदबत्ती पाहिली, ओठांवरचं बोट पाहिलं. तिचा चेहराच बदलला.

"मौन हाय व्हय? गुरुवारचं? आगं बाई, आधी सांगायचं न्हाई का!" आणि हा आवाज कुजबुजीचा. माझ्या आत्याला कुजबुजता येतं हे मला त्या दिवशी कळलं. तिनं चष्म्यावाल्या पाहुण्याला डोळ्यांनीच बाहेर काढलं, जिन्याच्या पहिल्या पायरीला हात लावून तो कपाळाला लावला, आणि चहासुद्धा न घेता दोघं गेले.

आईनं माझ्याकडं पाहिलं, मी आईकडं. एकच वाक्य बोलायचं होतं, आत्या, हे मौन नाही. पण मी श्वास जमवेपर्यंत तिनं नेहमीसारखं माझं वाक्य संपवलं होतं. या खेपेला ते मला सोयीचं पडलं, म्हणून मी तिला थांबवलं नाही. याबद्दल मला आजही काडीचं वाईट वाटत नाही. मी खोटं बोलले नाही, मी बोललेच नाही.

मग जे झालं ते पाहून मला हसावं की चिडावं कळेना. मला सराव करायचाय म्हटलं तर ती माझी थेरं होती. मला शांतता हवी म्हटलं तर मी माणूसघाणी होते. आता देवाचं नाव आपोआप जोडलं गेलं, तर गुरुवारी आमच्या घराकडं फिरकायची कुणाची छाती होईना. आत्याच ग्रुपवर तंबी द्यायची, "आज तिला कोनी फोन करू नका." दाराशी कुणीतरी नारळ ठेवून जायचं. बाईमाणसाला स्वतःसाठी एक दिवस मिळत नाही, देवासाठी मागितला तर लगेच मिळतो. त्या नारळांची आम्ही चटणी केली. चटणी चांगली झाली, पण माझा राग काही गेला नाही.

वरच्या खोलीत मी पंखा सगळ्यात मोठा करून बसायची. जुना पंखा, घरघर मोठी, माझा आवाज त्यात बुडून जायचा. वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचायची, छोट्या जाहिराती वाचायची, माझंच ड्रॉइंग भिंतीला लावून त्याला समजावून सांगायची. बाईंनी एकदा आईलाही बोलावून घेतलं. मी बोलत असताना आईनं फक्त माझ्याकडं बघायचं, ओठ हलवायचे नाहीत. आईला ते इतकं जड गेलं की तिनं पदराचं टोक दातात धरलं. घरी येताना रिक्षात म्हणाली, "मला वाटायचं, मी तुला मदत करायले." तिचं वाक्य मी पुढं नेलं नाही. तिला माझी मदत लागत नव्हती, ती स्वतःच तिथपर्यंत पोचली होती.

थोड्या दिवसांनी बैठकीत मी म्हणाले, हे ड्रॉइंग माझं आहे, मीच सांगते. वेळ लागला. लोकांच्या कपांतला चहा गार झाला. साहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मी दोन्ही वेळा ते पाहताना पाहिलं आणि तरी शेवटच्या मापापर्यंत सगळं सांगितलं. त्यावर दोन प्रश्न आले आणि दोन्ही मला विचारले गेले, सहकाऱ्याला नाही. त्या दिवशी मी घरी येताना गुलमंडीवरच्या हलवायाकडून इमरती घेऊन आले.

आणि मग आत्याचा आईला फोन आला. गुरुवार पुरे झाले, आता उद्यापन करायचं. कोणते गुरुवार, किती गुरुवार, हे तिनंच ठरवलं होतं. येत्या गुरुवारी ती बायका घेऊन येणार, पुरणाचा स्वयंपाक होणार, आणि सोबत कन्नड गावाकडचे पाहुणे असणार. बायको वारलेला एक माणूस आणि त्याची आई. "पोरीनं मौन कशापायी धरलंय ते मला कळत नाय व्हय, वैनी? घर बसावं म्हनूनच की! देवानं ऐकलं बघा." आई म्हणाली, तिला विचारते. आत्या म्हणाली, "इचारायचं काय त्यात? मौनात हाय ती."

आईनं मला हे सांगितलं तेव्हा माझ्या हातातली वाटी खाली आदळली. बारा वर्षांपूर्वीचा तो पेढा मला पुन्हा घशात जाणवला. तेव्हा माझं गप्प राहणं लाज ठरलं होतं, आता देवभक्ती ठरलं होतं. दोन्ही वेळा उत्तर तेच, होकार. आणि मी आत्ताही गप्प बसले तर आणखी एक संसार माझ्या नावावर लागणार होता. आई म्हणाली, "फोन करून नको म्हणू का?" मी म्हणाले, "नको. येऊ दे त्यांना. मी बोलणार आहे."

गुरुवारी घर माणसांनी भरलं. पुरणाचा आणि वेलदोड्याचा वास सगळ्या गल्लीत. मी मुद्दाम पिवळं काही घातलं नाही, निळा कुर्ता घातला. समोर गादीवर तो माणूस बसलेला, मान खाली. माझ्याइतकाच ओढून आणलेला दिसत होता. शेजारी त्याची आई. आत्या त्यांना सांगत होती, "लई शांत पोरगी. उलटून एक शबुद नाय. आजकालच्या पोरीत असं पाहायला नाय मिळत." माझं अडखळणं असं गुण म्हणून ताटात वाढलं जात होतं आणि मी उभी राहून ते ऐकत होते. जन्मभर ज्याला सगळ्यांनी खोट म्हटलं, ती खोट आता स्थळ जमवायला उपयोगी पडत होती.

त्याच्या आईनं मला जवळ बोलावलं. "पसंत हाय ना बाळा?"

मी म्हणाले, "मला", आणि अडकले.

"पसंत हाय म्हनती," आत्या म्हणाली.

मी श्वास सोडला. पुन्हा सुरू केलं. "मला हे", इथवर आले.

"हे घर आवडलं म्हनती. आवो, लाजायली ती."

मी तिसऱ्यांदा पहिल्या शब्दापासून सुरू केलं. आता खोलीतल्या बायकांची कुजबुज थांबली होती. माझा जबडा ताठ झाला, मान एका बाजूला ओढली गेली, डोळे मिटले. पूर्वी मी हे सगळं लपवायची, तोंडावर हात घ्यायची. त्या दिवशी घेतला नाही. आत्यानं पुन्हा तोंड उघडलं, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई बोलली. तिच्या हाताला पीठ होतं.

"वन्सं, तुमी पुन्हा मधी बोललात तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करंल. पोळ्या गार व्हायल्यात."

आत्या गप्प झाली. सगळेच गप्प झाले. आणि त्या गप्पपणात, कुणाचीही मदत न घेता, मी माझं वाक्य शेवटपर्यंत नेलं.

"मला हे लग्न करायचं नाही. हे व्रत नव्हतं. गुरुवारी मी बोलायला शिकते."

किती वेळ लागला ते मला माहीत नाही आणि कुणी मोजला असला तरी मला त्याचं काही नाही. त्या माणसानं मान वर केली आणि पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला. त्याची आई म्हणाली, "बरं झालं बाई, आधीच सांगितलंस." दोघं जेवून गेले. पुरणपोळी त्यांनी दोनदा मागून घेतली, हे मला आवडलं.

ते गेल्यावर आत्या माझ्यासमोर येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी होतं आणि ते खरं होतं. "द्येवाच्या नावानं फसवलंस आमाला. जिन्याला हात लावला मी तुझ्या."

मला वाईट वाटलं. तरी मी मागं हटले नाही. मी म्हणाले, "मौन म्हणून मी सांगितलं नव्हतं, आत्या. ते तुम्ही म्हणालात. तुमचं वाक्य तुम्ही पूर्ण केलंत, मी मधे बोलले नाही."

हे मी घरच्या कुणाला दिलेलं तोवरचं सगळ्यात लांब उत्तर होतं. माझं बोलून संपेपर्यंत ती उभी राहिली. ऐकून घेतलं की रागानं थिजली होती, हे मी आजही सांगू शकत नाही. मग पिशवी उचलून ती बसस्टँडकडं निघाली. आईनं डब्यात पोळ्या बांधून दिल्या, त्या मात्र तिनं घेतल्या.

त्यानंतर ग्रुपवर माझ्याबद्दल बरंच चाललं. पोरगी उद्धट झाली, नोकरीनं शेफारली, देवालासुद्धा सोडलं नाही. मी सगळं वाचलं. एकालाही उत्तर दिलं नाही, आणि हे गप्प राहणं घशात अडकलेलं नव्हतं, ते मी स्वतः निवडलेलं होतं. ज्यांना मी गप्प होते तोवर गुणी वाटत होते, त्यांना मी आता उद्धट वाटणारच. वाटू दे.

गेल्या गुरुवारी सकाळी फोन वाजला. आत्याचा. पहिल्यांदाच आला इतक्या दिवसांनी. आई फोन हातात घेऊन जिन्यात उभी राहिली आणि माझ्याकडं पाहिलं. एरवी आईकडं अशा वेळी कारणं तयार असायची. न्हातीय, झोपलीय, बाहेर गेलीय. मधल्या काळात व्रत होतं. मी म्हणाले, "आज गुरुवार आहे. मी उद्या बोलेन." आई शेवटचा शब्द संपेपर्यंत थांबली. ओठ हलले नाहीत, पदर दातात नव्हता.

मग ती फोनमध्ये म्हणाली, "ती आज नाय बोलणार, वन्सं. उद्या करंल तुमाला. नाय, व्रत नाय. तिला आज बोलायचं नाय, एवढंच."

पलीकडून आत्या काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. मी वर आले, दार लोटून घेतलं. पंख्याचं बटण दाबायला हात गेला होता तो मागं घेतला. उकडत होतं, तरी खिडकी सताड उघडली. खाली गल्लीत भाजीवाला ओरडत होता, समोरच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घालत होतं. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी माझं नाव घ्यायला सुरुवात केली. अडकलं. मी पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरू केलं.